दोन सूत

दुपारी ओकांच्या बंदूक-दुकानातला पोरगा आला,
सायकलवरूनच एक पाय टेकून म्हणाला,
"मास्टर, ती छोटी परत निघालीय.
अकरा वर्षांनी कंपनीनं पुन्हा सुरू केली.
बाबा म्हणाले, खैरनारांना सांगून ये,
आता खिसेवाले येतील."

मी काज करत होतो. सुई तशीच टोचून ठेवली.

खालच्या खणात, खडूच्या डब्याखाली
खाकी कागदाचा तो आकार अजून होता,
तळहाताएवढा, कोपऱ्यात दुमडलेला.
पिस्तूल म्हटलं तर पिस्तूल,
नाहीतर पोरानं कापलेलं बदक.
मागे माझंच अक्षर: उजवा, आतून, दुहेरी जीन.

या गावात बंदूक लपवायची चाल नाही.
वरातीत खांद्यावर मिरवतात.
बँकेच्या रांगेत पुढच्याची नळी छातीला लागते,
"जरा सरको दद्दा" म्हटलं की झालं.
लपवणारे वेगळे.
ते दुकान बंद करायच्या वेळी येत,
कापड नंतर दाखवत,
आधी मागे वळून दाल बाजाराचा रस्ता बघत.
मे महिन्यात लष्करात कोट घालून फिरणारा माणूस
एकतर नवरदेव,
नाहीतर माझं गिऱ्हाईक.

मी ती कधी हातात घेतली नाही.
चाचणीला शेजारच्या वाण्याकडून
अर्ध्या किलोचं वजन मागून आणायचो,
खिशात टाकून म्हणायचो, चाला. वाका.
टेंपोत बसल्यासारखे बसा.
कोट लोंबला नाही, चुणी पडली नाही,
की मजुरीचं बोलायचं.

पेट्रोलपंपवाले सिकरवार.
निवडणूक आली की ठाण्यात जमा करावी लागे,
तेव्हाही ते उजव्या अंगाला झुकूनच चालत.
मग मॉडेल बंद झालं, स्प्रिंग मिळेना,
मोठी घेतली तर ती पोटात रुते.
शेवटी सगळंच विकून टाकलं.
सरळ चालणं मात्र त्यांना
मरेपर्यंत जमलं नाही.

आणि नलिनी मुळ्ये, रजिस्ट्री कचेरीतल्या.
भावाच्या खटल्यात एकट्या साक्षीदार.
परवाना यायला तीन वर्षं लागली,
आला त्याच महिन्यात छोटी बंद.
करड्या लोकरीचं जाकीट माझ्याकडेच राहिलं,
खिसा पुरा, अस्तर नुसतं टाचलेलं,
हँगरवर अकरा थंड्या.
"राहू दे," म्हणाल्या होत्या, "येईल तेव्हा येईल."
साक्ष त्यांनी रिकाम्या हातांनी दिली.

संध्याकाळी फोन लावला.
"परत आली? बरं."
मग बराच वेळ नुसता त्यांच्या घरातला पंखा.
"मास्टर, तो सुटला. गेल्या मंगळवारी.
जाकीट मला होईल का हो अजून?"

सकाळी ओकांकडे जाऊन नवी बघितली.
काचेवर ठेवलेली, तेलाच्या वासाची,
अंगठीच्या डबीसारखी डबी.
वर्तमानपत्रावर ठेवून त्यांनीच कड आखून दिली.
जुन्या कागदाशी लावून पाहिलं:
दोन सूत बारीक.
दोन सूत म्हणजे काय? पाव इंच.
बाहेरच्याला कळणारही नाही.
पण सैल खिशात वस्तू हलते,
आणि हललेली वस्तू
सारखी आपण आहोत म्हणून सांगत राहते.
जुनी शिवण उसवली. लोकर तिथे जरा गडद होती,
उन्हानं न विटलेली.

मुळ्येबाई आल्या. केस पांढरे, खांदे उतरलेले.
जाकीट खांद्यांत ढगळ झालं, खिसा चोख बसला.
वजन टाकलं. त्या दारापर्यंत गेल्या, आल्या,
स्टुलावर बसल्या, चपलेचा पट्टा लावायला वाकल्या.
"दिसतं?"
"नाही."
"घालूनच जाते," म्हणाल्या,
आणि पैसे ठेवून पायरी उतरल्या,
बाड्याच्या दिशेनं, भर गर्दीतून, सावकाश.
ओकांचं दुकान उलट्या बाजूला.

रात्री वाण्याचा पोरगा वजन मागायला आला.
मी खिसे चाचपले, मेजाखाली बघितलं,
मग आठवलं.

म्हटलं, राहू दे रे दोन दिवस.
माझ्या नावावर लिहून ठेव.